टोपीवरचा स्तंभ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींचे पुतळे निघतात. 1885 पासूनची पिवळी मारबत इतवारीत आली की गर्दी तिला ओरडून सांगते, रोगराई घेऊन जा, इडापिडा घेऊन जा. आमची आजी त्या गर्दीत एकच नाव घ्यायची, हिवतापाचं. घसा बसेपर्यंत घ्यायची. एवढ्या रोगांतून तिनं हाच का निवडला, ते मला फार उशिरा कळलं.

तिचा थोरला भाऊ, दादा, महार पलटणीत शिपाई होता. 1921 साली 111 वी महार पलटण मोडली आणि आमच्या माणसांना लष्कराचं दार बंद झालं. ते उघडावं म्हणून बाबासाहेबांनी सरकारचा पिच्छा पुरवला. 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी पुढच्याच वर्षी आमच्या कामठीत. दादा कन्हान ओलांडून पायी गेला आणि भरती होऊन आला. पणजोबांनी त्या दिवशी गूळ वाटला.

तो एकदाच सुटीवर आला, पोळ्याला. अंगावर खाकी आणि खाकीच्या आत हळद लावल्यासारखं पिवळं अंग. पणजीनं पाहिलं मात्र, कावीळ म्हणून हाय खाल्ली. वैदूकडून माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. कावीळ उतरत जाते तशी ती माळ लांबत जाते म्हणतात. ही काही लांबेना. दादा समजावत होता, "हे कावीळ नोय माय, गोयीचा रंग आहे."

खरंच गोळीचाच होता. 1942 साली जावा बेट जपान्यांच्या हाती गेलं आणि कोयनेल मिळेनासं झालं. त्याऐवजी सैन्यात हिवतापावर मेपाक्रिन देऊ लागले. ती गोळी रोज घेणाऱ्याची कातडी पिवळी पडे. पण आईला कोण पटवणार? परत जाताना दादानं ती माळ काढली नाही. सदऱ्याच्या आत ठेवून गेला.

पूर्वेकडे कुठंतरी रेल्वेच्या पुलावर त्याचा पहारा होता. दिवाळीनंतर तार आली. हिवताप.

"लढाईले गेलाच नाही, बापा. तापानं मेला," लोक म्हणत. आजीला सल होता तो या बोलण्याचा. लढून मेलेल्याच्या आईला गाव मान देतं. तापानं मेलेल्याच्या आईला नुसती कीव मिळते. पणजी ते दोन्ही न घेता गेली.

या लोकांना कुणी सांगायला हवं होतं, की ताप हीसुद्धा त्या युद्धाची एक आघाडीच होती. जनरल स्लिमनं लिहून ठेवलंय: 1943 साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमीमागे 120 आजारी सैनिक मागं पाठवावे लागत. शत्रू दिसत नव्हता, एवढाच काय तो फरक.

आजी गेल्यावर मी दादाला शोधायला लागलो. घरात त्याचा फोटो नाही. तिकडंच माती दिलेली, ती जागा कुणाला ठाऊक नाही. शेवटी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत सापडला. रणभूमीपासून दूर सेवेत असताना गेलेल्या अखंड हिंदुस्थानच्या 25,000 हून अधिक सैनिकांची नावं दिल्ली-कराची युद्धस्मारकाच्या नोंदवहीत आहेत. त्यांत तो आहे. क्रमांक, नाव, हुद्दा, पलटण, तारीख, बापाचं नाव, गाव. कुण्या कारकुनानं गावाच्या नावातला 'ळ' घालवलाय, तरी गाव ओळखू येतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसलो.

मरणाचं कारण त्या ओळीत नाही. गोळी लागून की तापानं, हे आयोग विचारत नाही. 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सैन्याच्या सेवेत असताना जो गेला, तो युद्धात गेला. ज्या उत्तरासाठी पणजी झुरली, ते तिथं असं सरळ लिहून ठेवलेलं होतं.

दादाची एकच वस्तू आमच्याकडे आहे, टोपीवरचा बिल्ला. त्यावर कोरेगावचा स्तंभ कोरलाय. भीमेकाठच्या त्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. दुसऱ्यांच्या नावांचा तो दगड हा पोरगा कपाळावर मिरवत पुलावर उभा होता. त्याच्या स्वतःच्या नावाचा दगड कुठंच नाही. बिल्ल्याच्या कडा झिजल्यात. आजी दर पोळ्याला तो चिंचेनं घासायची.

यंदा मी घासला. दुसऱ्या दिवशी इतवारीत जाऊन उभा राहिलो. गर्दीच्या डोक्यांवरून मारबत हळूहळू पुढं आली, उंच, हळदीसारखी पिवळी. दादा सुटीवर आला तेव्हा असाच दिसला असेल. मी हिवतापाचं नाव घेतलं. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत घेत राहिलो.