आधी त्याचं गाणं ऐकव

चि. मनूस,


तुझा व्हिडिओ मावशीने लगोलग पाहिला. मग डोळे मिटून नुसता ऐकला, आणि तिचा जीव तुटला. अगं, तो गाणारा मुलगा कुठे आहे त्यात? ड्रोनमधून मोती तलाव दिसला, त्याची खोली दिसली, गिटारसाठी वडिलांनी पैसे कसे जमवले तेही कळलं. पण तो गायला लागला रे लागला की तुझं पार्श्वसंगीत वर चढतं. गाणाऱ्याच्याच गाण्यावर दुसऱ्याचं संगीत? रेडिओवर गाणं लागलं की आबा घरात भांडंसुद्धा वाजू देत नसत. विसरलीस?

लांबी दीड मिनिट ठेवू की तीन, असं तू विचारतेस. ते मागाहून बघ. आधी एक गाणं अखंड ऐकव.

वॉशिंग्टनच्या एनपीआर रेडिओचा ‘टायनी डेस्क’ हा छोट्या मैफलींचा कार्यक्रम २००८ साली सुरू झाला तो याच तळमळीतून. ऑस्टिनमधल्या एका बारमध्ये गायिका लॉरा गिब्सन गात होती आणि गोंगाटात एनपीआरच्या बॉब बॉयलेन, स्टीफन थॉम्प्सन यांना तिचं गाणं धड ऐकू येईना. थॉम्प्सन गमतीने म्हणाला, ऑफिसात येऊन बॉयलेनच्या टेबलापाशीच गा. ती खरंच गेली. तिथे गाणाऱ्याचा आवाज स्पीकरवरून मोठा करत नाहीत, म्हणून वादकांना हात हलका ठेवावा लागतो. मागे पुस्तकांनी भरलेल्या फळ्या. बस्स.

चित्रकारांचंही तेच. एम. एफ. हुसेन यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानावर छोटी फिल्म केली. निवेदन नाही, छत्री, कंदील, जोडा पुन्हा पुन्हा समोर येतात आणि बघणारा बघत राहतो. बर्लिनला तिला गोल्डन बेअर मिळालं. तुझ्या व्हिडिओत मात्र क्षणभर शांतता झाली की निवेदन आलंच!

आता तू चित्रकथी टिपायला पिंगुळीला जाणार म्हणतेस. जा, जरूर जा. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. पण तिथे फार जपून कॅमेरा लाव. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे पोथीतलं एकेक चित्र पुढे करत, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गायलेली कथा. पान बदलणारा हात आणि गाणारा चेहरा एकाच चौकटीत हवेत. हुडुकासाठी वेगळा माइक ठेव. हल्ली लोक आवाज बंद करून रील बघतात. त्यांच्यासाठी तू नुसती चित्रं कापून लावलीस, तर अर्धी कथा गेली.

आणि नावं! अभ्यासक गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणारणीचं नाव आणि गाव टिपून. म्हणून तर कित्येक वर्षांनी ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाची माणसं त्यातल्या बायांच्या दारात कॅमेरा घेऊन पोचू शकली. तुझ्या व्हिडिओत गाण्याचं नाव नाही, कुणी लिहिलं ते नाही, साल नाही. उद्या त्या मुलाला कुणी शोधायचं म्हटलं तर कशावरून शोधेल?

रात्ररात्र एडिटिंग करतेस, जेवणाचं काय? तो मुलगा वडिलांच्या पैशांचा उल्लेख पाहून दुखावला तर नाही ना? त्याला विचारलं होतंस ना आधी? आणि त्याच्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये जागा होत नाही म्हणून पुसलं नाहीस ना, तेवढं आजच कळव. शिल्लक असेल तर एक प्रत त्याला दे, दुसरी मावशीकडे पाठव.

तुझी,
मावशी