घाटाच्या दोन्ही अंगांना

पत्र पहिले
रत्नागिरी, मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

कायमचे राहायला गाव निवडताना लोक आधी उन्हाळ्याचा आकडा पाहतात, आणि त्या आकड्यावर रत्नागिरी सहज पास होते. मे महिन्यात इथले दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. त्याच दिवसांत पुणे ३७-३८ वर असते आणि माणदेश चाळिशीला टेकलेला असतो. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, म्हणून किनाऱ्यावर दिवस-रात्रीत आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात फारसे अंतर पडत नाही. दुपारी खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे समुद्राकडे परततात. थंडी अशी नाहीच. जानेवारीतली पहाटही साधारण १९ अंशांची.

तरीही मे महिन्यातल्या रत्नागिरीत माणूस दुपारी कामाचा राहत नाही. कारण घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. वेधशाळेत यासाठी दुसरा तापमापक असतो, त्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले असते. हवा ३३ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर हा ओला तापमापक सुमारे २८ दाखवतो. हवा ४० अंशांची पण आर्द्रता २० टक्केच असेल, तर तो सुमारे २२ वर थांबतो. माणदेशात उन्हात उभे राहवत नाही हे खरे, पण सावलीत आणि वाऱ्यावर बसले की सुटका असते. कोकणातल्या उकाड्याला सावलीचा उतारा चालत नाही. रात्रही २६ अंशांच्या खाली फारशी जात नाही, आणि झोपेचा प्रश्न रात्रीच्या आकड्यावर ठरतो, दुपारच्या नव्हे.

पुढे पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आगोटीची बेगमी अजूनही होते: सरपण आत येते, आमसुले-पापड-सुके मासे डब्यांत जातात, झडीकडच्या भिंतींना झापांचे नाहीतर ताडपत्रीचे आडोसे लागतात. जांभ्याचे चिरे, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी, ही घराची रचना पावसानेच ठरवलेली आहे. त्या घराच्या जागी सपाट गच्चीची सिमेंटची इमारत उभी राहिली की काही वर्षांत तिच्यावर पत्र्याची शेड चढते. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, चामड्याच्या चपलांना येते, लोणच्याला तर जपावेच लागते.

इतका पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा सच्छिद्र असतो. उतार तीव्र आणि समुद्र जवळ असल्यामुळे पाणी मुरते आणि लगेच निघूनही जाते. घर घेताना आंब्याची कलमे किती, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. विहीर मे महिन्यात कुठवर उतरते, हे क्वचित कोणी विचारतो.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. राजवाडा मिळाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये त्याचा इथेच अंत झाला. थिबा पॅलेस पाहायला येणाऱ्यांना खाडीचे दृश्य फार आवडते. हे गाव मात्र त्याने स्वतः निवडलेले नव्हते, तरी तीस वर्षे त्याला इथेच काढावी लागली.

पत्र दुसरे
महाबळेश्वर

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढताना हवा बदलते, तिचे गणित साधे आहे. हजार मीटर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,४०० मीटरवर आहे, म्हणून पुणे भाजत असताना इथे दुपार तिशीच्या आत राहते आणि रात्री पांघरूण लागते.

हे ठिकाण हवेसाठीच वसवलेले आहे. क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमाचे देवस्थान, फार जुने. पण आजची बाजारपेठ आणि बंगले ज्या भागात आहेत, तो मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या विश्रांतीसाठी उभा केला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ मध्ये करार होऊन जागा मिळाली, आणि पेठेला माल्कमचे नाव पडले.

त्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळली. इथे राहायचे ते पाऊस सुरू होईपर्यंत. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, चढताना थंड होतात आणि माथ्यावरच बहुतेक पाणी सोडून देतात. त्यामुळे महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो. एकट्या जुलैचा वाटा दोन हजारांच्या आसपास, म्हणजे पुण्यात तीन वर्षांत पडतो तेवढा. दिवसाचे तापमान तेव्हा विशीच्या आसपास अडकते, रात्र त्याहून थोडीच खाली, आणि धुक्यामुळे कित्येक दिवस समोरचे झाड दिसत नाही. इथले रहिवासी घरांना आणि दुकानांना बाहेरून गवताचे जाड पडदे लावतात, हल्ली प्लॅस्टिकचेही. कपडे शेगडीवर वाळवतात. शनिवार-रविवारी भिजायला येणाऱ्या पर्यटकांना हे रम्य वाटते, कारण सोमवारी ते घरी जातात.

बारा महिने राहण्यासाठी महाबळेश्वर त्याचसाठी योग्य ज्याला तिथे पोटाचा धंदा आहे: स्ट्रॉबेरीचा मळा, हॉटेल, दुकान. नुसत्या हवेसाठी येणाऱ्याला वर्षातले आठ महिने पुरे.

पत्र तिसरे
वाई

महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर. उंची शंभरेक मीटरनेच कमी, म्हणून उन्हाळ्यातला गारवा जवळजवळ तोच. पाऊस मात्र एक तृतीयांशावर येतो, कारण वाऱ्याने आपले ओझे आधीच्या माथ्यावर उतरवलेले असते. नेमके हेच हेरून जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथे बाराही महिने राहता येईल अशी वसाहत वसवली. रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले, ते त्याच काळातल्या लागवडीचा वारसा आहेत. पुढे निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले. क्षयावर औषध नव्हते त्या काळात कोरडी, थंड, स्वच्छ हवा हाच उपचार मानला जाई.

राहण्यासाठी पाचगणी उत्तम, पण ते आता प्रत्येकाच्या हातचे नाही. महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा २००१ पासून केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवला आहे. बांधकामावर बंधने आहेत, आणि जमीन थोडी असल्याने भाव चढे. ही बंधने नसती तर टेबललँड या पठाराच्या कडेपर्यंत इमारती गेल्या असत्या, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

पसरणी घाट उतरून खाली आले की वाई. उंची सुमारे ७०० मीटर, म्हणजे पुण्याहून थोडी जास्त. पावसाचा मार बेताचा, पण शेजारच्या डोंगरांवर पडलेल्या पाण्याचा वाटा कृष्णेतून आणि धोम धरणातून मिळतो. भिजल्याशिवाय पाणी मिळणे, ही या गावाची खरी श्रीमंती. खोऱ्यात ऊस आणि हळद दिसते ती त्यामुळेच. मे महिन्यातली दुपार तापते, पण हवा कोरडी असते आणि मध्यरात्रीनंतर डोंगरावरून गार वारा खाली उतरतो. हिवाळ्यात हाच वारा खोऱ्यात साचून पहाटे चांगला गारठा पाडतो. संधिवात असलेल्या माणसाने हे लक्षात घ्यावे.

पेशवाईत जवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांनी वाडा आणि घाट बांधला, रास्त्यांनी वाईत देवळे बांधली. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली याच गावातून चालले. त्यामागे प्राज्ञपाठशाळेची परंपरा होती, हवामान नव्हते. तरी एवढा कागद सांभाळायला रत्नागिरीपेक्षा वाई बरी, असे म्हणायला हरकत नाही.

उणीव मोठ्या इस्पितळांची. गंभीर दुखण्याला साताऱ्याला नाहीतर पुण्याला धावावे लागते. कायमचे राहायला म्हणून पाहिलेल्या गावांपैकी हवा, पाणी आणि दगदग या तिन्ही हिशोबांत वाईच पहिली येते, पण उतारवयात चौथा हिशोब इस्पितळाचा असतो.

पत्र चौथे
दहिवडी, माण तालुका

वाईहून पूर्वेला पुढे सरकत गेले की दर दहा-वीस किलोमीटरला हिरवा रंग थोडा थोडा गळत जातो. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. तिच्यात पाऊस पाडण्याची ताकद उरत नाही. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. दहिवडी-म्हसवडकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या वाटेवर. म्हणून इथले पीक रब्बीचे, शाळूचे. कौलारू उतार इथे कोणी बांधत नसे. जुनी घरे माळवदाची, सपाट छतावर मातीचा जाड थर दिलेली. त्या मातीमुळे दुपारची उष्णता आत पोहोचायला संध्याकाळ होते, आणि संध्याकाळी माणसे छतावर झोपायला जातात.

केवळ हवेचा विचार केला तर माणदेश लोक समजतात तितका वाईट नाही. वर्षातले सात-आठ महिने आकाश स्वच्छ, रात्री गार, डास कमी, ओल नाही. अडते ते पाण्यावर. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायला गेली. त्याच्या आधीपासून मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या या भागातल्या हातांवर चालत होत्या. शेजारच्या आटपाडी-खानापूरची माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. उरमोडी धरणाच्या कालव्याने आता काही गावांचे चित्र बदलू लागले आहे. ते पाणीसुद्धा घाटमाथ्याकडचेच.

राहण्याच्या जागेचा प्रश्न या मुलखातल्या मेंढपाळ धनगरांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. दिवाळीनंतर माळावरचे गवत संपते तेव्हा त्यांचे वाडे, म्हणजे काही कुटुंबांचे एकत्र तळ, घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतात आणि कोकणात जातात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळते, धनगराला भात किंवा पैसे. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे परत वर येतात, कारण चिखलात मेंढीचे खूर सडतात आणि तिची लोकर दिवसेंदिवस ओली राहिली की ती दगावते. मेंढीला वर्षभर सोसेल असे एकही गाव या रस्त्यावर नाही, म्हणून माणूसही एका गावात राहिला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ही सोय किती महाग पडते, हे त्या तळांवर विचारले की लगेच कळते.

पत्र पाचवे
पुणे, जून

धनगरांचाच मार्ग मुंबई सरकारने हत्ती-घोड्यांनिशी आणि फायलींनिशी चालवला. गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राहत असे. पुण्यातल्या मुक्कामासाठी सर बार्टल फ्रिअर याच्या काळात गणेशखिंडीत प्रासाद बांधायला घेतला आणि तो १८७१ च्या सुमारास पुरा झाला. आजची विद्यापीठाची मुख्य इमारत तीच. निवड अचूक होती. जुलैत पुण्याची दुपार २८ अंशांच्या आसपास, वर ढगांची सावली, आणि पाऊस रिमझिम. वर्षाचा सगळा मिळून ७०० मिलिमीटरच्या थोडा वर. मुंबईत तेव्हा रस्ते बुडालेले असत आणि महाबळेश्वरात कागद भिजत.

हवामान खात्याचे मुख्यालयही १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीतून हवामानाचे काम अजून चालते, आणि पुण्याचे म्हणून जे जुने आकडे सांगितले जातात ते बहुतेक तिथलेच असतात. ते वाचताना सावध असावे. शहर आता त्या आकड्यांपेक्षा मोठे झाले आहे. डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्री उष्णता परत सोडते, त्यामुळे दाट वस्तीतली रात्र मोकळ्या जागेपेक्षा उबदार राहते. पुण्याची जुनी कीर्ती रात्रीच्या गारव्याची होती, आणि तोच आधी कमी झाला. शिवाय गाव पसरल्यामुळे त्याच्या दोन टोकांना दोन हवामाने आली. पश्चिमेला मुळशीकडे पाऊस भराभर वाढतो, पूर्वेला हडपसर-लोणीकडे कमी होत जातो. पाणी पानशेत-वरसगाव-खडकवासल्याचे, म्हणजे घाटमाथ्याच्या पावसाचे. सुख कोरड्या बाजूचे आणि पाणी ओल्या बाजूचे, हा वाईचाच हिशोब इथे काही लाख कुटुंबांनी एकदम मांडला आहे.

पुण्याच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच, पण वजनदार: इस्पितळे. वाईहून इथवर सुमारे दोन तासांचा रस्ता आहे, गर्दीच्या दिवशी अधिक. ज्यांना दर आठवड्याला डॉक्टर लागतो त्यांनी पुणे सोडू नये. ज्यांना वर्षातून दोन-तीनदा तपासणीपुरते यायचे आहे, त्यांना वाईचे अंतर झेपते.

घरे पाहायला बहुतेक लोक दिवाळीनंतर निघतात. त्या दोन-तीन महिन्यांत या पत्रांतल्या सगळ्या गावांची हवा इतकी चांगली असते की त्यांतून एक निवडणेच अशक्य होते. वाईतली घरे म्हणून जुलैच्या मध्यावर पाहावीत आणि पुन्हा एप्रिलअखेर. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून ओल पाहावी. एप्रिलात नळाला पाणी किती वेळ येते आणि आवारातली बोअर कधी आटते, हे घरमालकाऐवजी शेजाऱ्याला विचारावे.

वहिनींना नमस्कार. कळावे.