आजोबांच्या वहीची साखळी



गुरुजींनी 'आमचा सण' हा विषय दिला तेव्हा बहुतेकांनी दिवाळी नाहीतर पोळा घेतला. मी नाताळ घेतला. गावात आमची ख्रिस्ती घरे तीनच, त्यामुळे आमच्याकडे काय चालते ते पुष्कळांना ठाऊक नाही. एकाने मला विचारले, "तुम्ही झाडावर बर्फ टाकता का रे?" बर्फ कुठला आणणार! आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ सालापर्यंत याचे नाव अहमदनगर होते) डिसेंबरात थंडी कडक पडते, पण बर्फ बघायचा तर रसवंतीवरच. आमच्या झाडावरचा बर्फ म्हणजे कापूस.

झाडही कपाशीचेच. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून जळणासाठी बांधावर रचतात. त्यातली भरपूर फांद्यांची एक पऱ्हाटी निवडायची, तेलाच्या रिकाम्या डब्यात माती ठासून उभी करायची आणि तिला चुना लावायचा. कापूस निघाल्यावर बोंडाचे जे वाळलेले टरफल राहते ते थेट फुलासारखे दिसते. ती टरफले रंगवून फांद्यांना बांधतो. त्यांची टोके बोचतात, जपून बांधा.

झाडाखाली गोठा मांडतो. बाळ येशूला गव्हाणीत निजवले होते असे शुभवर्तमानात आहे. गव्हाण आम्ही रोजच बघतो, म्हणून काडेपेटीची गव्हाण करायला चित्र लागत नाही. बैल पोळ्याचे, मातीचे. एकाचे शिंग मोडले आहे, तो भिंतीकडे तोंड करून उभा असतो. मेंढपाळ म्हणजे शेजारच्या काकूंच्या मुलाने दिवाळीच्या किल्ल्यावरून काढून दिलेले मावळे. त्यांच्या खांद्यावर जुन्या घोंगडीची चिंधी टाकली की झाले मेंढपाळ. फक्त एकाच्या कमरेला अजून तलवार आहे. ती निघतच नाही! पाळकसाहेब ते बघून हसले. ते म्हणाले, त्या गोठ्यात बैल होता असे शुभवर्तमानात कुठे लिहिलेले नाही, पण इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून नाताळचा देखावा केला होता. मग आमच्या बैलांना हरकत नाही.

तारा करायला जास्त वेळ लागतो. दिवाळी झाली की काकू त्यांच्या आकाशकंदिलाच्या कामट्या आम्हाला देतात. सारख्या लांबीच्या दहा लांब कामट्या आणि वीतभर लांबीच्या पाच आखूड लागतात. पाच कामट्यांची एक चांदणी दोऱ्याने बांधायची, तशीच दुसरी. दोन्हींची टोके एकमेकींना बांधून आतल्या पाच कोपऱ्यांत आखूड कामट्या आडव्या अडकवल्या की पोट फुगते आणि तारा उभा राहतो. गुरुजींनी फळ्यावर दाखवले होते की वर्तुळाचे पाच सारखे भाग केले तर प्रत्येक भाग ७२ अंशांचा होतो आणि चांदणीचे टोक ३६ अंशांचे. मी कोनमापक लावून बघितले, माझे एक टोक ४० अंशांचे निघाले. पतंगी कागद गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवतो. खळीला झुरळे लागतात म्हणून बाबा तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात. ते विषारी असते, मोठ्या माणसांनीच टाकावे. नाताळ झाला की तारा सोडतो आणि त्याच कामट्या चिरून संक्रांतीला पतंग करतो. एका कंदिलाचे तीन सण होतात.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची नव्हती, पण आत्या म्हणाली, लिहायचंच तर सगळं लिही.

मागच्या वर्षी कागदाच्या साखळ्या करायचे काम माझ्याकडे होते. जुन्या लग्नपत्रिका संपल्या आणि साखळी दारापर्यंत पुरेना. आत फळीवर एक वही सापडली. पाने पिवळी पडलेली, जाड, खळीला चांगली धरणारी. मी सहा पाने फाडली, पट्ट्या कापल्या आणि कडीत कडी अडकवत गेलो. उरलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात टाकले.

संध्याकाळी आजी साखळी बघायला उठली. तिला वाचता येत नाही. तिने एक कडी बोटात धरली आणि म्हणाली, "ही लाल शाई कुठली रं लेकरा?"

ती आजोबांची भजनाची वही होती. आजोबा पेटी वाजवायचे, आणि भजनाचे धृपद लाल शाईने, कडवी निळ्या शाईने लिहायचे. त्यांना जाऊन चार वर्षे झाली आहेत. आजी मला एक शब्द बोलली नाही. जेवलीही नाही. बाबा शेतातून आले, बघितले आणि एवढेच म्हणाले, "कापायच्या आधी वाचायचं तरी." मला मार बसला असता तर बरे वाटले असते.

रात्री आत्याने पाटावर ओला फडका पसरला. कड्यांचे जोड भिजवून एकेक पट्टी सोडवली. मग आम्ही दोघांनी त्या जुळवायला घेतल्या. अर्धी अक्षरे या पट्टीवर, अर्धी त्या पट्टीवर. चार पानांवरची भजने 'उपासना संगीता'त छापलेली निघाली. त्यात नारायण वामन टिळकांचीही (१८६१–१९१९) होती. ती पुस्तकावरून पुन्हा लिहिता आली. राहिलेली दोन पाने आजोबांनी स्वतः रचलेल्या भजनांची होती आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. एक पान पुरे जुळले. दुसऱ्याचा खालचा भाग बंबात गेला होता. त्यातली दोन कडवी गेली. एक आत्याला पाठ होते. दुसरे कोणालाच आठवले नाही.

नाताळच्या रात्री आमच्या अंगणात ते भजन म्हटले. गेलेल्या कडव्याच्या जागी सगळ्यांनी धृपद दोनदा घेतले. आजी टाळ धरून बसली होती. तिने ताल सोडला नाही, पण माझ्याकडे बघितलेही नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला करंजी दिली.

यंदाची साखळी फक्त लग्नपत्रिकांची आहे. काकूंनी गावभर फिरून त्या गोळा करून दिल्या. आजोबांची सगळी भजने मी नव्या वहीत उतरवली आहेत, धृपद लाल, कडवी निळी. त्या एका भजनात चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. बाबांना आठवले की आजोबांबरोबर तबल्याला बसणारे एक म्हातारबाबा नदीपलीकडच्या गावात राहतात. येत्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. आजीपण येते म्हणाली. वही आणि दोन्ही पेने पिशवीत घालून ठेवली आहेत.

— इयत्ता सातवी