केसांचे वळण

सरळ वळणाच्या माणसाचे केसही सरळ असावेत, असा नियम निसर्गाने केलेला दिसत नाही. माझी भाची स्वभावाने अगदी सरळ. केस मात्र कुरळे, थेट आईच्या वळणावर गेलेले. तिची आई, म्हणजे माझी बहीण, आज हयात नाही. तिच्या मागे राहिलेल्यांपैकी एवढीच गोष्ट रोज डोळ्यांना दिसते.

वैशाखात लग्न ठरले आणि गोंदियात केस सरळ करून घ्यायचे भाचीने मनात घेतले.

"मामा, तुम्ही रसायन शिकवत होता ना? मग सांगा, करू की नको?"

मास्तरला एवढे निमित्त पुरे! मी सांगू लागलो: केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. नखे, शिंगे, लोकर त्याचीच. त्याच्या साखळ्यांना दोन तऱ्हांच्या गाठी असतात. हायड्रोजनच्या गाठी कच्च्या; पाण्याने सुटतात, वाळताच पुन्हा बसतात. म्हणून नुसत्या इस्त्रीने सरळ केलेले केस धानाच्या रोवणीच्या दिवसांत, दमट हवेत पुन्हा कुरळे होतात. केसाचा हा ओलावा ओळखण्याचा गुण हेरून सोस्यूर या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात आर्द्रतामापक बनवला होता.

गंधकाच्या गाठी मात्र पक्क्या. थायोग्लायकोलेटने त्या सोडवायच्या, केस ताणून सरळ करायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या जागी पुन्हा बांधायच्या. ते वळण टिकते.

"आणि ते केराटिन ट्रीटमेंट?"

"नाव गोंडस आहे, बाई. त्यातल्या काही द्रावणांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला कर्करोगकारक ठरवले. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल आले, तर ते वापरल्यावर मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांची नोंद इस्रायलच्या डॉक्टरांनी 2023 साली प्रसिद्ध केली. बाटली वाचून घे. ही दोन नावे दिसली तर उठून ये. बाकी डोके तुझे."

तिने बाटली वाचली, थायोग्लायकोलेटची निवडली आणि केस सरळ करून घेतले. मांडवात ती सुरेख दिसली. पण पाठमोरी पाहताना मला बहीण सापडेना, आणि हे कुणाला सांगण्यासारखेही नव्हते.

रसायन बाहेर आलेल्या केसावर चालते. कातडीखालच्या मुळाला त्याचा पत्ता नसतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. भाची दिवाळसणाला आली तेव्हा भांगाशी तीन-चार बोटे कुरळे केस उगवले होते.

"पुन्हा सरळ करायचे?" मी विचारले.

"नको," आरशात पाहत ती म्हणाली, "सासूबाईंना आईचा फोटो दाखवला काल. त्या म्हणाल्या, तुझे केस असे का नाहीत?"