हवा आत कुठून येणार?

गॅस गिझर घ्यायचं ठरल्यापासून भेटलेल्या प्रत्येकाने मला धूर बाहेर कसा काढायचा ते सांगितलं. दुकानदाराने बिलाच्या मागे नळीचं चित्र काढून दाखवलं. प्लंबरने टेप लावून खिडकीचं माप घेतलं. समोरच्या वहिनींनी त्यांच्याकडे कोणता एक्झॉस्ट फॅन आहे ते सांगितलं. मी मात्र 'हवा आत कुठून येणार?' असं विचारलं की बोलणं थांबायचं. "हवा काय ताई, असतेच की," एवढंच उत्तर मिळायचं. या उत्तराने माझं समाधान होईना, आणि नेमकं काय विचारायला हवं तेही मला धड कळत नव्हतं.

करंजाडे हा पनवेलला लागून सिडकोने वसवलेला नोड. विमानतळासाठी उठलेल्या गावांतली काही कुटुंबंही इथल्या पुनर्वसनाच्या भूखंडांवर आली. इथे पाण्याची ओढ कायमचीच, त्यामुळे सकाळी नळाला पाणी आहे तोवर सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासू-सासरे. विजेचा छोटा गिझर दीड बादली देतो आणि मग पाणी तापेपर्यंत ताटकळत ठेवतो. गॅसचा गिझर नळ सोडला की लगेच गरम पाणी देतो, म्हणून आमच्या इमारतीत घरोघरी तोच. यात वावगं काहीच नाही. प्रश्न जागेचा होता. बऱ्याच जणांनी तो बाथरूममध्येच टांगला आहे, बादलीच्या वर, हाताशी.

मी कागद घेऊन बसले. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा. पूर्ण ज्योतीवर तो तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर पंधरा तासांच्या आसपास पुरावा. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम चार फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम सात घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर पाच मिनिटांत गिझर त्या खोलीतल्या हवेचा सातवा हिस्सा वापरून टाकतो. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18 च्या घरात येतो. हिशेब ढोबळ आहे, दाराखालच्या फटीतून थोडी हवा येतच राहते. पण त्याच फटीला आपण पायपुसणं लावतो, पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून.

शाळेत पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून दाखवतात, ज्योत लहान होत विझते. गिझरही असाच आपोआप विझत असेल, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. ऑक्सिजन घटला की गिझरची ज्योत जळतच राहते, पण अर्धवट जळते. पूर्ण जळलेल्या गॅसमधून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते, अर्धवट जळलेल्यातून कार्बन मोनॉक्साइड. निळी ज्योत पिवळी पडू लागते, वर काजळी धरते. काही गिझरमध्ये ऑक्सिजन कमी होताच गॅस बंद करणारा सेन्सर असतो आणि तो असलेलाच घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. तरी सेन्सर हा शेवटचा पहारेकरी. आधी हवा हवी.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर कळतं, कारण एलपीजीत उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. ते ज्योतीत जळून जातं, म्हणून गिझर बिघडला तरी नाकाला काही समजत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेच्याच वजनाचा, तो खोलीभर मिसळून राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. गरम पाण्याने आंघोळ करणाऱ्याला वाटतं, उपाशीपोटी चक्कर आली असेल. दाराची कडी काढायचं सुचेपर्यंत हातातली ताकद गेलेली असते.

2023 च्या होळीनंतर घाटकोपरच्या एका फ्लॅटमध्ये पती-पत्नी बाथरूममध्ये मृत सापडले आणि गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय व्यक्त झाला, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. त्याआधी जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून फिरायला गेलेले आठ पर्यटक एकाच खोलीत दगावले. त्यात चार मुलं होती. थंडी म्हणून खोली बंद करून गॅसचा हीटर लावला होता. तिथे हीटर, इथे गिझर. दोन्हीकडे ज्योत खोलीतलीच हवा खात होती. ब्रिटनच्या 1998 च्या गॅस नियमांत म्हणूनच बाथरूममधलं गॅसचं उपकरण खोलीच्या हवेपासून पूर्ण तोडलेलं असावं लागतं. बाहेरची हवा घ्यायची, बाहेरच सोडायची, आंघोळ करणाऱ्याच्या श्वासाशी संबंध नाही. आपल्याकडे भिंतीवर टांगलेला नेहमीचा गिझर तसा नसतो. बाथरूममध्ये लावू नका, असं गिझरच्या माहितीपत्रकांत छापलेलं असतं. लावणारा ते पत्रक खोक्यातच ठेवून जातो.

बाथरूम रद्द झालं. मग प्लंबर म्हणाला, "ताई, गिझर पॅसेजमध्ये घेऊ आणि पाइप डक्टमध्ये सोडून देऊ. सगळ्यांचं तसंच आहे." डक्ट म्हणजे बाथरूम-संडासांच्या खिडक्या जिच्यात उघडतात ती इमारतीच्या पोटातली उभी पोकळी. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेले. डक्टच्या तोंडावर पावसासाठी पत्रा टाकलेला, कडेला वीतभर फट, त्या फटीवर कबुतरांची जाळी आणि जाळीत अडकलेली पिसं, काड्या, कुणाची तरी उडालेली पिशवी. वाकून पाहिलं तर खाली अंधार. मधल्या एका मजल्यावर कुणाच्या तरी गिझरची नळी भिंतीतून वीतभर बाहेर आलेली, आणि तिच्या बरोबर वर, हाताच्या अंतरावर, दुसऱ्या घराच्या बाथरूमची झडपांची खिडकी. खालच्या घरातला धूर वरच्या घराच्या खिडकीपाशी सोडलेला. ज्याच्या घरात गिझर नाही, त्यालाही तो धूर घ्यावा लागणार. डक्टचं तोंड असं झाकलेलं असेल तर ती पोकळी मोकळी हवा नव्हे, हे मला तिथे पक्कं कळलं.

राहिली ड्राय बाल्कनी. स्वयंपाकघराच्या मागे वॉशिंग मशीनची ती अरुंद जागा आमच्याकडेही स्लायडिंग लावून बंद केलेली. यात कुणाचा निष्काळजीपणा नसतो. समोरच्या बांधकामाची धूळ येते म्हणून काच लागते. संध्याकाळी डास येतात म्हणून जाळी. जुलैत पाऊस आडवा मारतो म्हणून पट्टी. समोरच्या इमारतीतून दिसतं म्हणून वर चिकटवलेला कागद. प्रत्येक कारण खरं असतं, प्रत्येक वेळी घर थोडं अधिक नीटनेटकं होतं, आणि एक दिवस ज्योतीला हवा यायला वाटच उरत नाही. ही उघडी जागा कशासाठी ठेवली आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक नसेल तर कुणीतरी चांगल्या मनाने ती बुजवणारच.

गॅसच्या कामाचा अनुभव असलेले एक वयस्कर मिस्त्री पनवेलहून आले, तेव्हा प्रथमच कुणीतरी माझा प्रश्न पुढे नेला. त्यांनी आल्याआल्या दोन बोटं दाखवली. एक खाली, एक वर. "खालून ताजी हवा येणार आणि गॅस गळलाच तर खालूनच निघून जाणार. वरून गरम हवा जाणार. दोन्ही कायमची उघडी. खिडकी चालत नाही, खिडकी माणूस बंद करतो." धुराची नळी वेगळी, थेट बाहेर, आणि या दोन्ही वाटांपासून लांब, नाहीतर सोडलेला धूरच परत आत ओढला जातो. मोठ्या व्यासाची नळी आणून तिला मध्ये बारीक करायची नाही, कोपरे शक्य तितके कमी ठेवायचे.

अॅल्युमिनियमवाल्याला ते पटेना. "ताई, एवढं स्लायडिंग केलंय, आता त्यात भोक पाडू? पाणी येईल आत." शेवटी खालचा काचेचा भाग काढून तिथे उतरत्या पट्ट्यांची चौकट बसवली, पाऊस बाहेरच्या बाहेर घसरेल अशी. वरही तसलीच लहान चौकट. डासांची जाळी लावू का, यावर घरात बराच वाद झाला. बारीक जाळी मोकळी जागा कमी करते, आणि आमच्याकडच्या धुळीत काही महिन्यांत तिच्यावर राखाडी थर बसतो, मग ती जाळी नावापुरती राहते. आम्ही जाळी न लावता बाल्कनी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराला जाळीचं दार केलं. डास बाल्कनीत येवोत. बाल्कनीत कुणी झोपत नाही.

गिझर लागला आणि मिस्त्रींनी मला अगरबत्ती आणायला सांगितली. गिझर सुरू करून थोडा वेळ जाऊ दिला, मग अगरबत्ती गिझरच्या माथ्याशी, नळी जिथे सुरू होते त्या टोपीच्या कडेला धरली. धुराची रेघ टोपीत शिरून दिसेनाशी झाली. "आता किचनची चिमणी लावा, पूर्ण जोरात." मी चिमणी लावली. काही क्षणांत तीच रेघ टोपीपाशी थबकली, वाकली आणि जाळीच्या दारातून स्वयंपाकघराकडे वाहू लागली. आमच्या चिमणीच्या खोक्यावर तासाला 1200 घनमीटर लिहिलेलं आहे. घरातल्या खिडक्या बंद असताना ती एवढी हवा आणणार कुठून? मिळेल त्या वाटेने ओढणार, आणि गिझरची नळी हीसुद्धा तिच्या दृष्टीने एक वाटच. बाहेर जायचा धूर उलटा घरात. बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनचंही तेच: पंखा हवा बाहेर फेकतो, ती भरून काढायला वाट नसेल तर तो गिझरचाच धूर खाली ओढतो. पंखा आहे म्हणजे काळजी नाही, हे जे सगळे सांगत होते ते अर्धंच खरं होतं. मी हॉलची खिडकी उघडली आणि रेघ पुन्हा टोपीत वळली.

त्या दिवसापासून चिमणी आणि गिझर एका वेळी लागत नाहीत. लावायचीच वेळ आली तर आधी हॉलची खिडकी.

माझी खरी धास्ती दिवाळीची होती. नरक चतुर्दशीला पहाटे घरात नणंद, तिची मुलं, दीर, सगळी मंडळी. उटणं लावून एकामागून एक अभ्यंगस्नान, गारठा म्हणून खिडक्या बंद, गिझरला उसंत नाही. एरवी एका माणसाच्या आंघोळीत जे घडत नाही ते अशा सलग आंघोळींत घडतं, कारण मधल्या वेळेत हवा बदलायला सवड मिळत नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बंब परवडला, तो निदान अंगणात असायचा." खरंच आहे ते. बंबाचा धूर डोळ्यांत जायचा, पण डोक्यावर आभाळ असायचं.

आणखी एक गोष्ट मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले आहे. कोविडपासून आपल्या कपाटात ऑक्सिमीटर असतो. बाथरूममध्ये कुणी भोवळ येऊन पडलं तर आपण पहिल्यांदा तोच बोटाला लावणार, आणि तो 98 दाखवेल. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. आकडा पाहून घरी थांबायचं नाही. माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, गिझर बंद करायचा, दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की घरात गॅस गिझर आहे. झटके आले तर ते फिट समजून वर्षानुवर्षं औषधं चालू राहू शकतात. रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासता येतं, आणि शुद्ध ऑक्सिजन दिला की शरीरातला विषारी वायू साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर उतरतो. पण हे सगळं कुणाच्या तरी मनात गिझर आला तरच.

आम्ही स्वयंपाकघर आणि शयनगृह यांच्यामधल्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आहे. धुराचा अलार्म वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही. अलार्मच्या मागे त्याची मुदत छापलेली असते, ती मी कॅलेंडरवर उतरवून ठेवली. बर्नर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर साफ करायचा, कारण त्यात धूळ आणि कोळ्यांची जाळी बसतात.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांच्या बाथरूममध्ये गिझर आतच आहे. मालक पुण्याला असतात. मी त्यांना फोन केला, त्यांनी गिझर ड्राय बाल्कनीत हलवायला होकार दिला आहे. तोवर मुलांना सांगितलं आहे की दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच आंघोळीला आत जायचं. डक्टवरच्या पत्र्याचा आणि त्यात सोडलेल्या नळ्यांचा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असं पत्र मी सेक्रेटरींकडे दिलं आहे. त्यांनी त्यावर सही-शिक्का करून एक प्रत मला परत दिली आणि विचारलं, "सभेच्या आधी गच्चीवर एकदा सगळ्यांना नेऊन दाखवाल का?"