डोळ्यांनी ऐकणाऱ्यांचं विद्यापीठ

वॉशिंग्टनला जाणारी आपली मंडळी व्हाइट हाउस, लिंकन स्मारक आणि दोन-चार संग्रहालयं पाहून परततात. लेकीकडे मुक्काम लांबल्यामुळे मला आणखी एक जागा पाहता आली. मेट्रोच्या रेड लाइनवर ‘नोमा–गॅलॉडेट यू’ स्टेशनला उतरून थोडं चाललं की फ्लोरिडा अव्हेन्यूवर गॅलॉडेट विद्यापीठ लागतं. हे कर्णबधिरांचं विद्यापीठ. त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला १८६४ साली, आणि त्या कायद्यावर सही होती अब्राहम लिंकन यांची.

तिथे जाण्यामागे घरचं कारण होतं. माझा भाचा जन्मापासून ऐकू शकत नाही. इंदूरला घरात लग्नकार्य असलं की तो भिंतीला पाठ लावून एका कोपऱ्यात बसतो. सगळे म्हणतात, बुजरा आहे. गॅलॉडेटमध्ये फिरताना लक्षात आलं की पाठीमागे काय चाललंय हे ज्याला ऐकू येत नाही, त्याला पाठीशी भिंत हवीच असते.

तिथल्या इमारती बघताना पहिल्यांदा काही वेगळं जाणवत नाही. मग दोन मुली बोलत येताना दिसतात. बोलत म्हणजे हातांनी. एकमेकींचे चेहरे आणि हात दिसायला हवेत म्हणून त्या थोडं अंतर ठेवून, अर्ध्या वळून चालतात. त्यासाठी रस्ता रुंद लागतो. पायऱ्या आल्या की नजर खाली जाते आणि वाक्य तुटतं, म्हणून शक्य तिथे उतार बरा. दार ढकलायला हात गुंतला तरी बोलणं थांबतं, म्हणून आपोआप सरकणारी दारं. आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्याची चाहूल लागत नाही, तिथे कोपरा गोलसर किंवा काचेचा करतात. भिंतींना मंद निळे-हिरवे रंग देतात, कारण त्यावर कुठल्याही वर्णाचे हात उठून दिसतात. वर्गात खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडतात. एकामागे एक रांगेत बसवलं तर मागच्याला पुढच्याचं ‘बोलणं’ दिसणार कसं?

या विचाराला तिथे ‘डेफस्पेस’ म्हणतात. वास्तुविशारद हॅन्सेल बाउमन यांनी २००५ पासून विद्यापीठातल्या कर्णबधिर विद्यार्थी-शिक्षकांबरोबर बसून त्यांच्याच सवयींतून हे नियम गोळा केले. ध्वनीचाही विचार त्यात आहे, याचं मला नवल वाटलं. पण श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्याला घुमणारा आवाज फार त्रास देतो. आपल्या मंगल कार्यालयांतले लाउडस्पीकर आठवून मी गप्पच बसले.

हे सगळं सहज मिळालेलं नाही, बरं का. १९८८ च्या मार्चमध्ये विश्वस्तांनी पुन्हा एकदा ऐकू येणारीच व्यक्ती अध्यक्ष म्हणून निवडली. विद्यार्थ्यांनी दरवाजे अडवले, आवार बंद पाडलं. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. तोवर संस्थेला १२४ वर्षं झाली होती!

परतताना विमानात मी आपल्याकडच्या जागा मनात तपासत होते. वाड्याचा चौक उत्तम. भोवतीच्या ओसरीवरून सगळे सगळ्यांना दिसतात. समोरासमोर बसलेली पंगतही चांगली, ताट खाली आणि हात मोकळा. बुफे मात्र वाईट. एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचा, मग बोलायचं कशाने? आणि फ्लॅटमधला दिवाणखाना तर टीव्हीकडे तोंड करून मांडलेला, एकमेकांकडे नव्हेच.

भाचा आमच्याकडे आला की स्वयंपाकघरात ठाण मांडतो. घरातला सगळ्यात लख्ख उजेड तिथेच आहे. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या घरीही गप्पांचा अड्डा स्वयंपाकघरातच जमतो, हे तिथे कळलं तेव्हा हसू आलं.

यंदाच्या गणेशोत्सवासाठी मंडळाला मी दोनच गोष्टी सुचवल्या आहेत. गप्पांच्या कार्यक्रमाला खुर्च्या रांगेत न मांडता अर्धवर्तुळात मांडायच्या. आणि मंचावर खुणांच्या भाषेत सांगणारी व्यक्ती उभी करून, सभागृहातले दिवे मालवले तरी तिच्यावरचा दिवा चालू ठेवायचा. दिव्याचा खर्च मंजूर झाला आहे. खुर्च्यांवर अजून चर्चा चालू आहे. अर्धवर्तुळात चाळीस खुर्च्या कमी बसतात म्हणे.