मार्गशीर्षातील चार गुरुवार

पुण्याची थंडी पूर्वीसारखी राहिली नाही, असे प्रत्येक पिढीतील पुणेकर सांगत आले आहेत. ते खरे असेलही. मात्र २०१३ सालच्या डिसेंबरात शनिवार पेठेतील आमच्या खोलीत ती पुरेशी होती. खोली तळमजल्यावर, फरशी शहाबादी, आणि खिडकीचे एक दार बंद होत नसल्याने तिथे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. पाणी तापवायच्या कॉइलला घरमालकांची सक्त मनाई होती. त्यामुळे पहाटे नळाखाली बादली भरायची आणि तिच्याकडे पाहत बराच वेळ उभे राहायचे. या उभे राहण्याला आमचा खोलीभागीदार ध्यानधारणा म्हणत असे. त्याखेरीज दुसरी कोणतीही उपासना त्या खोलीत होत नव्हती.

आम्ही संख्याशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी होतो आणि नास्तिक होतो. यांपैकी दुसरी पदवी आम्ही स्वतःच स्वतःला बहाल केली होती. तिला आधार म्हणजे अभ्यासिकेत परीक्षेचा अभ्यास टाळून वाचलेले आगरकर, आणि खोलीभागीदाराशी घातलेले वाद. तो दर शनिवारी मारुतीला तेल घालून येई, आणि आम्ही त्याला नमुन्याचा आकार किती असला म्हणजे निष्कर्ष काढता येतो हे समजावून सांगत असू. संभाव्यतेच्याच विषयात आम्ही दोनदा आपटलो होतो, याची आठवण तो सभ्यपणे करून देत नसे.

आमची आई सातारा जिल्ह्यात, गावी. ती मार्गशीर्षातील गुरुवार आमच्या दहावीपासून करीत आली होती. सकाळी चौरंगावर तांदळाची रास, तिच्यावर कलश, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ. दिवसभर उपवास, पोथीचे वाचन आणि संध्याकाळी गोडाचा नैवेद्य. ‘तू गुरुवार करीत असताना आम्ही दोनदा नापास झालो, मग उपयोग काय?’ असे एकदा आम्ही तिला विचारले होते. ‘केले नसते तर तिसऱ्यांदा झाला असतास,’ ती म्हणाली. या विधानाचे खंडन कोणत्या चाचणीने करावे, हे आम्हाला अजूनही उमगलेले नाही.

तिची आमच्याकडून अपेक्षा एकच असे. गुरुवारी अंडे-मांस खाऊ नये. बाकी पूजा नको, उपवास नको, देवळात गेलास तर गेलास.

आता डिसेंबरातील रात्र, साडेदहाची वेळ, अभ्यासिकेतून बाहेर पडल्यावर बोटे आखडलेली, आणि कोपऱ्यावर भुर्जीपावाची गाडी. तव्यावर कांदा पडल्याचा आवाज, पेट्रोमॅक्स जाऊन आलेला पांढरा दिवा, आणि तव्याच्या उबेला हात धरून उभी असलेली पाचसहा मुले. खानावळीतली आमटी सात वाजता संपलेली असे. ५ डिसेंबरच्या गुरुवारी आम्ही तिथे भुर्जी खाल्ली. १२ डिसेंबरच्या गुरुवारीही खाल्ली. दोन्ही रात्री आईचा फोन आला, आणि ‘पाळलास ना रे?’ या प्रश्नाला आम्ही ‘हो’ म्हणालो.

खोटे बोलणे एवढे सोपे जाईल असे वाटले नव्हते. खोलीभागीदाराने मात्र तिथेच बोट ठेवले. ‘तुझा देवावर विश्वास नाही, तर सांग की तिला. नाही सांगत, म्हणजे कुणाला तरी भितोस. कुणाला, ते तूच ठरव.’

आम्ही आईला दुखवायचे नाही म्हणून गप्प आहोत, असे उत्तर दिले. ते ऐकायला बरे होते. पण त्याच दिवसांत आगरकरांच्या चरित्रात त्यांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख वाचला होता. मुलाच्या मोठ्या परीक्षा होत आहेत, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकहितासाठी देणार आहे, अशा आशयाचे ते पत्र. कराडजवळच्या टेंभूचा हा दरिद्री मुलगा डेक्कन कॉलेजात असताना एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत असे, असे सांगतात. थंडीत तो वाळत तरी असेल का, असा प्रश्न आम्हाला उगाच पडे. पुढे दम्यानेच तो माणूस वयाच्या चाळिशीच्या आत, १८९५ साली गेला. सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. इतके सोसणाऱ्याने आईला सगळे आधीच लिहून टाकले होते. आम्हाला एक भुर्जी सांगता येत नव्हती.

आमचा कॉलेजचा रस्ता ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावरून जाई. याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. सुरुवातीचे काही दिवस आम्ही तिथून जाताना पाऊल आवरते घेत असू. नंतर सवय झाली. धुके, खाली मुठेचा तो ओळखीचा वास, आणि कानटोप्या घातलेली फिरायला जाणारी मंडळी.

तिसऱ्या गुरुवारी, १९ तारखेला, आई नारायण पेठेत मावशीकडे आली. तिने कलश तिथेच मांडला. आम्ही जेवायला गेलो आणि शुक्रवारी सकाळी निर्माल्य नदीत सोडायला तिच्याबरोबर निघालो. वाटेत आम्ही तिला नदीचे पाणी म्हणजे काय असते यावर पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. पिशवी तिने सोडली नाही.

पुलावर पन्नासेक माणसे उभी होती. दर महिन्याच्या २० तारखेला समितीचे कार्यकर्ते तिथे जमत, हे आमच्या लक्षातच नव्हते. हातात फलक, मध्ये फोटो. त्याच आठवड्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला होता. त्यासाठी ते अनेक वर्षे झटले, आणि तो पाहायला ते उरले नव्हते.

‘आपल्या साताऱ्याचे डॉक्टर ना हे? कबड्डी खेळायचे,’ आई म्हणाली. त्यांचे नाव तिच्या माहेरी कबड्डीमुळे ठाऊक होते. बाकीचे नंतर कळले होते. तिने चपला काढल्या आणि त्या गार डांबरावर उभी राहून फोटोला हात जोडले, डोळे मिटून, जसे कलशापुढे जोडते तसेच. आम्हाला संकोच वाटला. देव-धर्माला आमचा विरोध नाही, फसवणुकीला आहे, असे ते जन्मभर सांगत आले. तरी आपल्या फोटोपुढे असे कोणी उभे राहिलेले त्यांना रुचले असते का, हे आम्हाला ठरवता येईना. समितीतल्या एका वयस्क बाईंना मात्र त्यात काही वावगे दिसले नाही. त्यांनी पिशवीकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘नदीत नको, ताई. घरी कुंडीत घाला. शेवंती छान येते.’

आई ‘बरं’ म्हणाली आणि पिशवी घेऊन परत फिरली. आमची पंधरा मिनिटे वाया गेली होती, त्याचे दुःख आम्हाला नारायण पेठेपर्यंत पुरले. (त्या खुनाचा निकाल लागायला मे २०२४ उजाडावा लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. तोवर मावशीचा वाडाही पडला आणि कुंड्याही गेल्या.)

दुपारी स्वारगेटला साताऱ्याची गाडी लागली. आईने खिडकीतून राजगिऱ्याचे लाडू आणि भेगांसाठी कोकमतेलाची वडी हातात दिली. तेव्हा आम्ही सांगून टाकले. दोन्ही गुरुवार, भुर्जी, आणि आमचा या कशावरही विश्वास नाही तेही.

तिने थोडा वेळ समोरच्या आसनाच्या पाठीकडे पाहिले.

‘भूक लागली होती का?’

‘हो.’

‘मग त्याच वेळी सांगायचंस. मी दोन्ही रात्री तुझा फोन झाल्यावरच जेवले.’

गाडी निघाली. पुढे काही बोलणे झाले नाही, आणि नंतरही त्या विषयावर कधी झाले नाही. पुढचे गुरुवार तिने केले. आम्हाला ‘पाळलास का’ असे विचारणे मात्र बंद केले. त्या वर्षी संभाव्यतेचा विषय सुटला. श्रेय कुणाकडे गेले, ते सांगण्याची गरज नाही.

२६ डिसेंबर हा शेवटचा गुरुवार. थंडी त्या रात्री अधिकच होती. खोलीभागीदारासह आम्ही गाडीपाशी गेलो, तव्याच्या उबेला हात धरले, आणि शेजारच्या टपरीवर दोन चहा पिऊन परत आलो. हे श्रद्धेमुळे नव्हे, हे त्याला पटवून देण्यात रात्रीचा एक वाजला. त्याला ते पटले नाही.